फणसाला नावं ठेवण्याचे दिवस

वैशाख लागला की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पिकलेल्या फणसाचा वास राहायला येतो. पाचव्या मजल्यावर कुणाच्या तरी गावाहून फणस येतो, तो लिफ्टने एकदाच वर जातो, पण वास मात्र चार दिवस खाली-वर करत असतो. काही लोक नाक धरतात, काही जिभल्या चाटतात. मला राग येतो. बायको म्हणते, तुम्हाला कशाचाही राग येतो. ते खरं आहे. पण हा राग जुना आहे, त्याला कारण आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. माझ्यावर एकदा अन्याय झाला, तो फणसाच्या झाडाखाली झाला, आणि करणाऱ्या माणसांना आपण अन्याय करतोय हे कधी कळलंच नाही.

तेव्हा मुलुंडला माझी लाकडाची वखार होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी जुन्नरकडचा. हातगाडीवर जळण विकण्यापासून सुरुवात केली आणि वखारीच्या फळीवर स्वतःचं नाव रंगवून घेण्यापर्यंत आलो. यात कुणाची मेहेरबानी नाही. हाताला घट्टे होतेच, पण खरी कमाई तोंडाची. कारण उभं झाड विकत घ्यायचं हा धंदाच बोलण्याचा. कापलेलं लाकूड आंधळ्यालाही कळतं. उभ्या झाडाच्या पोटात काय आहे हे ना मालकाला दिसतं, ना मला. मग त्याच्याभोवती आम्ही दोघं फिरतो आणि आपापले शब्द फेकतो. ज्याचे शब्द टिकतात त्याचा भाव.

झाडांविषयी लोक किती छान बोलतात, आणि त्यातलं किती थोडं वखारीत चालतं, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. ‘डेरेदार’ म्हटलं की लोकांना गार वाटतं. मला ऐकू येतं ते असं: खोड आखूड, फांद्या फार, फळी एक निघणार नाही, सगळं जळण. ‘सरळसोट’ हा शब्द लोक जरा नाराजीने वापरतात, जसं काही त्या झाडात बघण्यासारखं काही नाही. माझ्यासाठी सरळसोट झाड म्हणजे दिवाळी. ‘जून’ म्हटलं की भाजीवाली भेंडी परत घेते, आणि सुतार मात्र ‘जून आहे का’ असं विचारतच वखारीत शिरतो. ‘कोवळी पालवी’ फुटलेलं झाड बघून कुणी थांबतं, मान वर करून बघत राहतं. मी बघतो की रस चढलाय, म्हणजे लाकडाच्या भावात पाणी विकत घ्यावं लागणार. आणि ‘वठलेलं’ म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. वठलेलं झाड तर कापल्या दिवशी बंबाखाली जातं, वाळवायला नको, काही नको.

म्हणजे शब्द तेच, पण मी त्यांचा उलटा बाजार भरवला होता. चांगलं दिसलं की वाईट बोलायचं. झाडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्याला ठोकायचं, कान लावायचा, मग उगाच नाक मुरडायचं आणि म्हणायचं, ‘आतून गेलंय.’ मालक भडकतो. गेलंय कसं, आमच्या आजोबांनी लावलंय, असं सुरू होतं. भडकलेला माणूस खरं बोलतो. कधी लावलं, वीज पडली होती का, कुठली फांदी मागच्या साली मोडली, सगळं तो स्वतःच सांगून टाकतो. मरोळला एका ख्रिस्ती बाईंची चिंच होती. मी तिला ‘गाठाळ’ म्हणालो तर बाई खुर्चीतून उठल्या आणि चिंचेच्या सात पिढ्यांचं चांगलं वर्तन त्यांनी मला ऐकवलं. अर्धा तास ऐकून घेतलं. शेवटी भाव माझाच झाला, वर बाईंनी सरबत दिलं. बोरिवलीपासून मढपर्यंत मी असाच फिरलो. मी झाडाला शिवी द्यायची, मालकाने त्याची बाजू घ्यायची, आणि मधे कुठेतरी सौदा. ह्यात झाडाला कुणी विचारत नव्हतं हे मला आता, ह्या वयात, कधीकधी जाणवतं. तेव्हा जाणवत नव्हतं. तेव्हा भूक होती.

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. मुलुंडहून सायकल मारायची, वाटेत चिखल नाहीतर धूळ, मधे एखादा कारखान्याचा भोंगा. तिथे एक बैठी चाळ होती, सगळी कोकणातली माणसं, बहुतेक घरांतले पुरुष आधी गिरणीत होते आणि आता मिळेल ते करत होते. चाळीच्या मधोमध फणस. चाळमालक दुसरीकडे राहायचा. त्याला फणस काढून तिथे चार खोल्या वाढवायच्या होत्या. माघ महिन्यात त्याने मला झाड दाखवायला नेलं.

मी झाड बघितलं आणि आधी मनातल्या मनात फळ्या मोजल्या. फणसाचं लाकूड पिवळं असतं, हळद घातल्यासारखं. देव्हाऱ्याला, पाटाला, दाराच्या चौकटीला सुतार तेच मागतात. आणि हा बुंधा दोघांच्या कवेत मावला नसता. ठोकला तर आवाज असा आला की कानाला गोड लागला. असं लाकूड मी आयुष्यात चार वेळा बघितलं असेल. म्हणजे अर्थातच मी नाक मुरडलं.

‘वाकडं आहे,’ मी म्हणालो.

मालक काही बोलणार तोच मागून आवाज आला, ‘वाकडांच आसा.’ दाराशी तांदूळ निवडत बसलेली एक म्हातारी बोलली होती. तिला सगळे सुंदराकाकी म्हणायचे. बारीक, काळी, नऊवारी नेसलेली, आणि माझ्याकडे न बघता बोलणारी.

‘आतून पोखरलंय,’ मी म्हणालो.

‘पोखरलेलाच असणार,’ दुसऱ्या दारातून नाईक म्हणाले. हे चाळीचे पुढारी, गिरणीतून निवृत्त, गंजीफ्रॉकमध्येही अध्यक्षासारखे दिसायचे. ‘इतकी वर्षं बघतोय. कसलं झाड हे.’

मी चक्रावलो. इतक्या वर्षांत झाडाला नावं ठेवताना मला कुणी साथ दिली नव्हती. मी ‘कललंय’ म्हणालो, चाळ म्हणाली कधी पडेल सांगता येत नाही. मी ‘फळ तरी धरतं का’ असं विचारलं, काकी म्हणाली, ‘काय बघतंस त्या मेल्याक. तेका काय एक चव नाय.’ मालक बिचारा एकटा पडला. तो खणखणीत आहे म्हणाला की चार दारांतून ‘कसलं खणखणीत’ असं यायचं. भाव माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरत होता आणि मला हात लावावा लागत नव्हता. त्यातच माझं लक्ष वर गेलं. एका फांदीला जुनी फाटकी चप्पल टांगलेली होती. मी मनात म्हटलं, झाडावर चप्पल टांगण्याइतका राग आहे तर ह्यांना ते नकोच असणार. जागेवर विसाराचे पैसे दिले. मालक माझ्यावर नाही, भाडेकरूंवर डोळे वटारत निघून गेला. परवानगीसाठी पालिकेत अर्ज करायचा होता. त्याने माझेच शब्द उचलून लिहिले: झाड पोकळ, पोखरलेले, कललेले, रहिवाशांस धोकादायक. त्यालाही वाटलं असेल, एवढा भाव पाडला तर निदान शब्द तरी वसूल करू.

मी घाटावरचा माणूस. आम्हीही दृष्ट काढतो, पोराला काजळाचा ठिपका लावतो. पण ह्या लोकांचा आपल्या झाडांशी जो करार असतो तो मला ठाऊक नव्हता. आपल्या दारच्या फळत्या झाडाला चांगलं म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर नावं ठेवायची. परक्याने चांगलं म्हटलं तर पटकन त्यातलं वाईट सांगून ते चांगलं पुसून टाकायचं. चप्पल त्यासाठीच: येणाऱ्याची नजर आधी चपलेवर पडावी, फळांवर नाही. त्या चाळीतली तीन पिढ्यांची माणसं त्या फणसाच्या सावलीत वाढली होती. त्याच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, गरे, उन्हात वाळवलेली साटं, पावसाळ्यात आमटीतल्या आठळ्या, सगळं त्याचंच. बाळंतिणीला त्याच्याखाली खाट टाकून देत. आणि इतक्या वर्षांत त्याच्याविषयी एकही बरा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. शिव्यांवर वाढलेलं झाड होतं ते.

फाल्गुनात पालिकेचा साहेब पाहणीला आला. तरुण, सरळ माणूस, बगलेत फाईल. नियमाप्रमाणे त्याने रहिवाशांना विचारलं, झाड कसं आहे. चाळ आपल्या वळणावर गेली. एकजण म्हणाला, कामाचं नाही. दुसरा म्हणाला, किडकं. नाईकांनी, पुढारी म्हणून, दोन वाक्यं जास्त सांगितली. साहेबाने सगळं लिहून घेतलं आणि आभार मानून गेला. संध्याकाळी चाळीला आपण साहेबांशी चांगलं बोललो असं वाटत होतं.

चैत्रात बुंध्यावर कागद चिकटला. सदर झाड पोकळ व धोकादायक असल्याचे रहिवाशांनीही सांगितल्यावरून ते तोडण्यास परवानगी देण्याचे योजले आहे, कुणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. नाईकांनी तो मोठ्याने वाचला. नंतर मला ज्यांनी ज्यांनी हे सांगितलं त्या सगळ्यांनी सांगितलं की वाचून झाल्यावर नाईकांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग एका बाईने विचारलं, ‘पण आपण तर नुसतं म्हणत होतो ना?’

हरकत लिहायला रात्री सगळे नाईकांकडे बसले. अडचण अशी की झाड का तोडू नये हे लिहायचं तर ते चांगलं आहे हे लिहावं लागणार. नाईकांचं म्हणणं, लिहिणं म्हणजे बोलणं नाही. काकीचं म्हणणं, लिहिणारा मनात वाचतो, आणि मनाला काय तोंड नसतं का. बराच वाद झाला. शेवटी जे पत्र गेलं ते मी स्वतः साहेबाच्या फाईलमध्ये पाहिलंय. त्यात लिहिलं होतं: ‘सदर फणस विशेष काही नाही. तरी तो तोडू नये ही विनंती.’ खाली एकवीस सह्या, दोन अंगठे.

आज हे आठवलं की हसू येतं. आमच्या इमारतीत परवा बागेसाठी एक सल्लागार आला होता. झाड लावण्याआधीच तो त्याच्याविषयी इतकं चांगलं बोलला की मला भीतीच वाटली. ‘दिमाखदार’, ‘लोभस’, ‘राजस’. झाड तिथे नव्हतंच, कुंडीसुद्धा आली नव्हती. मी भाव विचारला आणि त्याला गाठाळ म्हणालो, म्हणजे झाडाला. तो काहीच भडकला नाही. म्हणाला, सर, दुसरं दाखवतो. ज्याला झाडाची बाजू घेता येत नाही त्याच्याशी घासाघीस करण्यात मजा नाही. मी वर निघून आलो.

तर, वैशाखात सुनावणी ठरली, तीही झाडाखालीच. हरकतवाल्यांचं ऐकायचं, झाड पुन्हा बघायचं, आणि तिथेच निकाल. मी माझी दोन माणसं आणि दोर घेऊन गेलो होतो. निकाल झाला की फांद्या उतरवायला सुरुवात करायची असा माझा बेत. सुतारालाही शब्द दिलेला होता. तोवर फणस भरला होता. बुंध्यापासून वर दुसऱ्या फांदीपर्यंत फणसच फणस, एक तर मुळाशी, जमिनीला टेकून बसलेला, म्हाताऱ्या माणसासारखा. पिकल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. चाळीतली सगळी माणसं सावलीत गोळा झाली होती, बायका पोरांना जवळ धरून उभ्या.

साहेबाने पत्र काढून विचारलं, ‘विशेष काही नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग हरकत कशाची?’

नाईकांनी घसा खाकरला. ‘म्हणजे साहेब, तसं काही वाईट नाही.’

‘म्हणजे चांगलं आहे?’

नाईकांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, ‘तसं म्हणता येणार नाही.’

साहेबाचा संयम मोठा होता. त्याने एकेकाला विचारलं. कुणी म्हणालं, असू दे आपलं. कुणी म्हणालं, असतं एकेक. एका बाईला रडू आलं पण तिनेही रडत रडत सांगितलं की गऱ्यांना फार चीक असतो. मग एकजण धीर करून म्हणाला, एवढे फणस लागलेत ते बघा की साहेब. त्यावर साहेबाने जे म्हटलं ते बरोबरच होतं: आतून पोकळ झाड, त्यात कललेलं, त्यावर इतकं वजन, म्हणजे धोका उलट जास्त. चाळीतल्या माणसांचे चेहरे बघवत नव्हते. झाड वाचवायला एक शब्द पुरेसा होता, आणि तो प्रत्येकाच्या तोंडात होता, आणि दात घट्ट आवळलेले.

तेवढ्यात काकीने मला बाजूला घेतलं. माझ्या शर्टाची बाही तिने पकडली होती. मी मनातून सावध झालो, कारण बाही धरणारा माणूस काहीतरी फुकट मागतो.

‘तू बोल,’ ती म्हणाली. ‘तू परको. तुझी दिष्ट लागली तर लागांदे. दिष्ट काढूक येता. तोडलेलां झाड परत लावूक येना नाय.’

मी तिला सांगितलं की मी झाड विकत घेतलंय, विसार दिलाय, सुतार माझ्या नावाने वाट बघतोय, आणि तुम्हीच त्या दिवशी त्याला मेलं म्हणालात. ती म्हणाली, मेलां म्हणजे काय मेलां न्हय. मी म्हणालो, काकी, मी धंदा करायला आलोय. बाही सोडवून घेतली. तेव्हा मी नाही म्हणालो हे इथे कबूल करतो. पुढे जे झालं त्याचं श्रेय मला नको, निदान पूर्ण नको.

मी परत आलो तर साहेब मालकाचा अर्ज वाचत होता, आणि त्यात वखारवाला म्हणून माझंच नाव होतं. वर बघून तो सहज म्हणाला, ‘पोकळ आहे असं तुम्हीच सांगितलंत ना मालकांना? मग पोकळ लाकडासाठी विसार कशाला दिलात?’ मी म्हणालो, असंच. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, ‘लाकडातलं कळत नसेल तर कुणाला तरी विचारत जा.’

लाकडातलं. मला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. मी माझ्या माणसाच्या हातातली कुऱ्हाड घेतली, लोक मागे सरले, आणि उलट्या बाजूने बुंध्यावर असा टोला दिला की वरची पाखरं उडाली. ‘ऐका,’ मी साहेबाला म्हणालो. ‘पोकळ बुंधा असा वाजतो? हे भरीव आहे, मुळापासून वरच्या बेचक्यापर्यंत भरीव. कललेलं म्हणता, ते उजेडाकडे गेलंय. आणि ह्या बाजूची मुळं बघा, कशी रोवलीत, बैल लावलेत तरी हलायचं नाही. साल बघा, कुठे भेग नाही, कुठे ढोली नाही. खोड निकोप आहे. जून आहे, घट्ट आहे, अजून पन्नास वर्षं ह्याला काही होत नाही.’

साहेब लिहायला लागला होता. इथे थांबायला हवं होतं. पण मी इतकी वर्षं झाडांविषयी चांगलं काही बोललोच नव्हतो. मरोळच्या चिंचेविषयी मनात आलेलं, बोरिवलीच्या एका शिसवीविषयी मनात आलेलं, सगळं गिळून ठेवलेलं, ते वर यायला लागलं. मी म्हणालो दाट आहे. मी म्हणालो गर्द आहे. वर बघितलं आणि ‘डेरेदार’ म्हणालो, मी, ज्याने हा शब्द फक्त भाव पाडायला वापरला होता. आणि मग त्या बुंध्याला अंगाखांद्यावर चढल्यासारखे लटकलेले ते सगळे फणस दिसले आणि माझ्या तोंडून गेलं, ‘लेकुरवाळं झाड आहे हो हे.’

बायकांनी पोरांचे कान झाकले. नाईक मटकन खाली बसले. काकी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मोडत होती. साहेबाने शेवटचा शब्द मला पुन्हा विचारून लिहून घेतला. मग फाईल बांधली आणि म्हणाला, वखारवाला स्वतःच सांगतोय म्हटल्यावर परवानगीचा प्रश्नच येत नाही. गेला.

मी तिथे उभा. हातात कुऱ्हाड. झाड गेलं, म्हणजे वाचलं, म्हणजे माझं गेलं. मला वाटलं आता निदान कुणी पाणी तरी विचारेल. कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळी चाळ झाडाची दृष्ट काढायच्या मागे लागली होती. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या, बुंध्याभोवती तीन फेऱ्या, मग शेगडीत. मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर. पुन्हा मिरच्या आणल्या. तिसऱ्या खेपेला एक पोरगं खोकलं तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला. तोपर्यंत मी माझा दोर गुंडाळून सायकलपर्यंत पोहोचलो होतो.

ही माझी तक्रार. तीही मी कदाचित विसरलो असतो. पण पुढच्या वर्षी त्या झाडाला फक्त चार फणस लागले. फणस एक वर्षाआड कमी धरतो हे कोकणातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. पण चाळीने कारण शोधायला फार लांब जायची तसदी घेतली नाही. चैत्रातल्या एका सकाळी सुंदराकाकी नाहूरहून चालत माझ्या वखारीत आली. ओंडक्यावर बसली, श्वास घेतला, आणि गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली, ‘इतक्या कित्याक बोललंस? एकच बोललं असतंस तर भागलां असतां.’ तिचं म्हणणं, मी येऊन माझे शब्द परत घ्यावेत. मी म्हणालो, मी झाड वाचवलं. ती म्हणाली, वाचवलंस, आणि मग सुकवलंस. मी संतापलो, बरंच बोललो. ती बसून राहिली. दुपारी बारा वाजले तरी उठेना. शेवटी वखार बंद केली आणि तिला सायकलच्या मागे बसवून नाहूरला गेलो. माझ्यासारख्या माणसाने असं का केलं हे मला विचारू नका. ती उठतच नव्हती.

झाडाखाली चाळ जमलीच होती. उन्हाचा कडाका, सगळे सावलीत बसलेले. काकीने त्या दिवशीचे माझे शब्द मोजून ठेवले होते. अकरा. अकरा वेळा चांगलं बोललंस, झाडाच्या अकरा खोटी काढायच्या. मी म्हणालो दोन. ती म्हणाली दहा. मी निघालो, चार पावलं टाकली, परत आलो. नाईक मध्यस्थी करायला लागले तर आम्ही दोघांनी त्यांना गप्प केलं. बराच वेळ चाललं. एवढ्या घट्ट हाताचं माणूस मला साऱ्या उपनगरात भेटलं नव्हतं. पाचवर पटलं.

मी बुंध्यासमोर उभा राहिलो आणि सुरुवात केली. वाकडं आहे. चाळ म्हणाली, वाकडंच आहे. चीक फार. फारच, बायका म्हणाल्या. कडक गऱ्याचा कापा म्हणून सांगतात आणि लिबलिबीत बरका निघतो. एका म्हाताऱ्याने खेदाने मान हलवली. मग म्हणालो, पोकळ आहे, आणि सवयीने बुंध्यावर थाप मारली. आवाज असा भरीव आला की मीच ओशाळलो. कुणी ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

पाचवी राहिली होती. आयुष्यभर जे तोंड चाललं ते ऐन वेळी आटलं. मी वर बघितलं, मग काकीकडे बघितलं. ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती, जणू माझा शब्द पडला तर तो झेलायला.

‘म्हातारं झालंय,’ मी म्हणालो.

काकीने मान हलवली. ‘तां खरां आसा,’ ती म्हणाली. ‘खऱ्याचो काय उपयोग? खोटां सांग.’

ऊन डोक्यावर होतं. चाळीच्या पत्र्यांवरून झळा येत होत्या, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी आणखी जरा विचार केला आणि सांगितलं की ह्या झाडाची सावली पडत नाही.

सावलीत बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.